बोली आणि हात

मराठीत 'बोली' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वावरतो. गावोगावची बोलण्याची भाषा ती बोली. लिलावात पुकारलेली किंमत, तीही बोली. आणि 'जेवूनखाऊन अमुक रुपये महिना या बोलीवर गडी ठेवला' असे आपण वाचतो तेव्हा बोली म्हणजे आधी ठरलेली अट, करार. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक येतात आणि वाचणारा आपल्याला हवा तो उचलून पुढे जातो. हे तीनही अर्थ एकाच उच्चारात नांदतात अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे ब्रिज या पत्त्यांच्या खेळातील बोली. साहित्याच्या अध्यापकांनी पत्त्यांविषयी लिहावे हे काहींना रुचणार नाही. परंतु शब्द, संकेत आणि शब्दाची जबाबदारी हे आपल्या अभ्यासाचे विषय असतील, तर या खेळाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी गुणांच्या हिशेबात केलेला एक बदल आपण समजून घेतला पाहिजे, असे आमचे मत आहे. मराठी समीक्षेत आज जे उणे आहे, ते त्या बदलात नेमके सापडते.

ज्यांना मेंढीकोट येतो त्यांना ब्रिजचा सांगाडा नव्याने सांगावा लागत नाही. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, उतारी झालेल्या रंगाचे पान असेल तर तेच टाकण्याचे बंधन, आणि एकूण तेरा हात. फरक दोन आहेत. मेंढीकोटात चार दश्श्या मोलाच्या असतात, ब्रिजमध्ये सगळ्या हातांचे मोल सारखे. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. मेंढीकोटात कोणी काही कबूल करीत नाही. पाने वाटली की खेळ सुरू होतो आणि शेवटी ज्याच्याकडे जे जमले ते त्याचे. ब्रिजमध्ये पहिले पान पडण्यापूर्वी बोली लागते. आपण अमुक हुकूम धरून अमुक इतके हात करू, असे दोन्ही बाजू चढाओढीने सांगत जातात. सर्वांत वरची बोली ज्या जोडीची, तिने ती खरी करून दाखवायची.

ही बोली फार थोड्या शब्दांत चालते. पहिले सहा हात गृहीत धरलेले असतात, म्हणून 'एक' म्हणजे सात हात आणि 'सात' म्हणजे तेराही. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक हे चार रंग आणि पाचवी बिनहुकमी, असे चढत्या क्रमाने पाच प्रकार. सात आकडे आणि पाच प्रकार मिळून पस्तीस बोली झाल्या. त्यांत 'पास', 'डबल' आणि 'रिडबल' मिळवले की अडतीस उच्चार होतात. त्यापलीकडे एक अक्षरही बोलायचे नाही. एवढ्या शब्दसंग्रहात दोन माणसांनी एकमेकांना न दिसणाऱ्या सव्वीस पानांचे वर्णन करायचे असते.

आता गुणांकडे वळू. किलवर आणि चौकट या रंगांत बोलीतल्या प्रत्येक हाताला २० गुण, बदाम-इस्पिकांत ३०, बिनहुकमीत पहिल्या हाताला ४० आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. बोललेल्या हातांचे गुण १०० वा अधिक झाले तर 'गेम' होतो आणि त्याची वेगळी बक्षिसी मिळते. स्पर्धेतील ब्रिजमध्ये ती ३०० असते, आणि ती जोडी 'व्हल्नरेबल', म्हणजे वाढीव जोखमीत, असेल तर ५००. गेमपेक्षा कमी बोली पुरी केली तर बक्षिसी फक्त ५०. एक उदाहरण घेऊ. इस्पिक हुकूम आहे आणि एका जोडीने दहा हात केले. तिची बोली चार इस्पिकांची असेल तर १२० आणि ३०० मिळून ४२० गुण होतात. त्याच पानांवर, तेच दहा हात करून, तिने बोली मात्र दोन इस्पिकांवरच थांबवली असेल, तर बोलीचे ६०, जास्तीच्या दोन हातांचे ६० आणि बक्षिसीचे ५० असे १७० गुण पदरात पडतात. पाने तीच, खेळण्याचे कौशल्य तेच, हातही तेवढेच. अडीचशे गुणांचा फरक पडतो तो केवळ आधी काय म्हटले होते यामुळे. बारा हातांच्या, म्हणजे सहाच्या बोलीला ५०० ते ७५० आणि सर्व तेरा हातांच्या बोलीला १००० ते १५०० गुणांची आणखी बक्षिसी असते. परंतु सात इस्पिक बोलून बाराच हात झाले तर त्या बारा हातांचे काहीही मिळत नाही. उलट ५० गुण वजा होतात, आणि जोडी जोखमीत असेल तर १००.

हे नेहमी असे नव्हते. ब्रिजचा पूर्वज जो व्हिस्ट, त्यात बोली नव्हतीच. वाटणाऱ्याचे शेवटचे पान उघडे पडे आणि तो रंग हुकूम ठरे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्शन ब्रिज आला आणि त्याबरोबर बोलीही आली, पण ती हुकूम कोणाचा हे ठरवण्यापुरती होती. लिलाव स्वस्तात मिटवून पुढे जितके हात होतील तितके सगळे गेमच्या हिशेबात धरता येत. साहजिकच शहाणा खेळाडू कमी बोले. १९२५ च्या अखेरीस हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हा अमेरिकन धनिक पनामा कालव्यातून हवानाकडे चाललेल्या 'फिनलंड' नावाच्या बोटीवर होता. तेथे त्याने सोबत्यांना गुणांची नवी रीत खेळून पाहायला लावली. जेवढे बोलला असाल तेवढेच गेमसाठी मोजायचे, ही तिच्यातली मुख्य गोष्ट. ही कल्पना अगदी त्याची नव्हे. 'प्लाफाँ' म्हणजे छत या नावाच्या फ्रेंच खेळात ती आधीपासून होती. परंतु जोखमीची वाढती बक्षिसी आणि वाढता दंड यांची तोलून केलेली मांडणी त्याची. पुढील काही वर्षांतच जुना खेळ मागे पडला, आणि आज ब्रिज म्हटले की कॉन्ट्रॅक्ट ब्रिजच समजला जातो. 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे आपल्या मराठी 'बोली'चा तिसरा अर्थ.

या एका बदलाने खेळाचे नैतिक वळणच पालटले. मराठीत 'हातचे राखून बोलणे' हा शहाणपणाचा प्रकार मानला जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असेही आपण म्हणतो. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये झाकलेली मूठ झाकलेल्या मुठीच्याच किमतीला जाते. अव्वाच्या सव्वा बोलणाऱ्याला दंड सगळेच खेळ करतात. कमी बोलणाऱ्यालाही तितकेच महागात पडावे, ही दृष्टी विरळ आहे. अतिशयोक्ती आणि अल्पोक्ती हे दोन्ही येथे दोष ठरतात, कारण दोन्हींमध्ये शब्द आणि वस्तू यांचे माप चुकलेले असते.

यावर कोणी म्हणेल की ही केवळ व्यापारी काटेकोरपणाची शिकवण झाली. तसे नाही. या गुणपद्धतीत जाणूनबुजून हरण्यालाही जागा आहे. समोरची जोडी जोखमीत आहे आणि तिची चार इस्पिकांची बोली पुरी होणार हे दिसते आहे, म्हणजे तिला ६२० गुण मिळणार. अशा वेळी आपण जोखमीत नसलो तर पाच चौकट म्हणायचे. ते 'डबल' करतील, आपले तीन हात कमी पडतील आणि ५०० गुण जातील. तरीही १२० वाचले. चौथा हात गेला तर मात्र ८०० जातात आणि सौदा आतबट्ट्याचा होतो. आपण अपुरे पडणार आहोत हे ठाऊक असताना, किती अपुरे पडणे परवडेल याचा अदमास घेऊन केलेली ही बोली असते. साहित्यातही असे धाडसी, अपुरे आणि तरीही आवश्यक दावे असतात. अशा बोलीचा हिशेब ब्रिजकडे आहे, हे आम्हांला विशेष वाटते.

बोली म्हणजे भाषा, हा पहिला अर्थही येथे जिवंत आहे. भिडूचे 'पास' हे मौन नसते. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे पानांचे बळ मोजण्याची रूढ रीत आहे. सलामीची संधी असून 'पास' म्हणणाऱ्याकडे साधारण बारा-तेरा गुणांचे बळ नाही, एवढे त्या एका उच्चारातून सर्वांना कळते. 'डबल'चा मूळ अर्थ 'तुमची बोली फसणार' असा. पण समोरच्याने खालच्या पातळीवर बोली लावताच म्हटलेले 'डबल' बहुधा भिडूला म्हणत असते, 'माझ्याकडे बळ आहे, तुझा रंग सांग.' चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन वर्गात शिकवताना याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. १९३३ साली ईझ्ली ब्लॅकवुड या अमेरिकन खेळाडूने सुचवलेला संकेत पाहावा. त्यात 'चार बिनहुकमी' म्हणणाऱ्याला बिनहुकमीत खेळायचे नसते. तो विचारीत असतो की तुझ्याकडे एक्के किती? उत्तर 'पाच किलवर' आले तर एकही नाही किंवा चारही, 'पाच चौकट' म्हणजे एक, 'पाच बदाम' म्हणजे दोन, 'पाच इस्पिक' म्हणजे तीन. या उत्तराचा किलवर-चौकटींशी काडीचा संबंध नाही.

येथे ब्रिजच्या नीतीचा दुसरा खांब येतो. असे संकेत कोणीही, कितीही ठरवावेत, परंतु ते गुप्त ठेवता येत नाहीत. भिडूच्या बोलीला विशेष अर्थ असेल तर तशी सूचना द्यावी लागते, आणि प्रतिस्पर्ध्याने विचारले तर आपापसांतला समज पूर्ण उघड करून सांगावा लागतो. पाने झाकलेली, भाषा मात्र उघडी. घरगुती मेंढीकोटात नेमके उलटे असते. बदामाचा हुकूम हवा असला की छातीवर हात जातो, किलवर हवे असले की कानाला खाज सुटते, आणि पकडले गेलो तर सगळे हसतात. ती खूण झाली. खूण आणि संकेत यांत फरक काय, असे विद्यार्थी विचारतात. दोघांनाच ठाऊक असावी म्हणून ठरवलेली ती खूण, आणि ज्याच्याविरुद्ध वापरायचा त्यालाही ज्याचा अर्थ ठाऊक असतो तो संकेत.

खुणेचा मोह मोठा असतो, म्हणून स्पर्धांमधला बंदोबस्तही मोठा आहे. आवाजातला चढउतार, उच्चारापूर्वीची रेंगाळ, भुवईची हालचाल यांतून भिडूला काही कळले तरी त्याचा फायदा घेण्यास नियमांची मनाई आहे. आवाजच नको म्हणून आता छापील बोलीपत्रे टेबलावर मांडतात. वरच्या स्पर्धांत भिडूला भिडू दिसू नये म्हणून टेबलावर तिरका पडदा असतो. १९७५ साली बर्म्युडातील जागतिक स्पर्धेत तो पडदा होता. तेव्हा इटलीच्या एका जोडीवर टेबलाखाली पायांच्या हालचाली केल्याचा ठपका आला, आणि टेबलाखालीही आडोसा लावावा लागला. बोलीची प्रतिष्ठा राखण्यासाठी तिच्याभोवतीचा सगळा देहबोलीचा पसारा कापून काढावा लागतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

बोलीतून माणूस उघडा पडतो, हे कादंबरीकारांना फार पूर्वी उमगले आहे. अॅगाथा ख्रिस्तीच्या १९३६ च्या 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये यजमानाचा खून होतो तेव्हा त्याच खोलीत चौघे ब्रिज खेळत असतात आणि चौघांवरही संशय असतो. ठसा नाही, साक्षीदार नाही. हर्क्यूल पायरो मागतो ते गुण मांडलेले कागद. कोणी किती चढून बोलला, कोण बेताने खेळला, बेरजा कोणी कशा मांडल्या, यांवरून तो चौघांच्या स्वभावांची जुळणी करू लागतो. गुणांचा कागद हीच त्याची संहिता असते, आणि तो ती आपण कविता वाचतो तितक्या लक्षपूर्वक वाचतो.

आता मूळ मुद्द्याकडे. आपल्या समीक्षेत आज बोली आहे, पण ती कोणी वसूल करीत नाही. मलपृष्ठावर, प्रकाशन-समारंभात, परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात 'मराठी कादंबरीला नवे वळण देणारी' अशी बोली सर्रास लागते. ही सातची बोली आहे. पुढील चार पानांत कथानकाचा गोषवारा येतो, दोन उतारे येतात आणि लेख संपतो. हात चार झाले की पाच, हे कोणी मोजत नाही. पुढच्या महिन्यात तोच समीक्षक दुसऱ्या पुस्तकावर पुन्हा सात बोलतो. याच्या उलट विद्यापीठीय लेखनात 'काही अंशी', 'असे म्हणता येऊ शकेल', 'अधिक संशोधनाची गरज आहे' अशा शब्दांच्या आडोशाने एकची बोली लावण्याची रीत आहे. हातात दहा हातांचा ऐवज असलेला अभ्यासकही एकच बोलतो, कारण कमी बोलण्याला आपल्याकडे दंड नाही. उलट तो विनय समजला जातो.

आणि खुणा? कोणत्या गटात कोणता शब्द उच्चारला की माना डोलतात हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. एखादी परिभाषा वापरण्यास आमचा मुळीच विरोध नाही. ब्लॅकवुडच्या 'चार बिनहुकमी'इतकी दुर्बोध परिभाषाही चालेल. परंतु विचारल्यावर तिचा पूर्ण अर्थ सांगण्याची तयारी हवी, आणि विशेषतः आपल्याशी मतभेद असणाऱ्याला तो सांगता यायला हवा. तसे न झाल्यास तो संकेत राहत नाही, टेबलाखालचा पाय होतो.

आमच्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. साहित्यकृतीत तेरा हात नसतात, आणि अर्थ मोजण्याचा हट्ट धरणे म्हणजे साहित्याचा घात करणे होय. मोजणीच्या आग्रहाने काय होते ते आम्ही अध्यापकांनी स्वतः भोगले आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीतून 'एपीआय' ही गुणपद्धती आली आणि निबंध, चर्चासत्रे, पुस्तके यांना आकडे चिकटले. २०१८ च्या नियमावलीने तिचे रूप पालटले, पण आकड्यांची सवय गेली नाही. परंतु ही पद्धत कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची नव्हे, हे नीट पाहावे. येथे केवळ हात मोजले जातात. निबंध छापला की गुण मिळाले. त्यात काय म्हणण्याचे ठरवले होते आणि ते सिद्ध झाले का, हे विचारले जात नाही. लिलाव स्वस्तात मिटवून हात गोळा करण्याचा तो जुना, १९२५ पूर्वीचा खेळ आहे. आम्ही मागतो आहोत ती वेगळी गोष्ट. समीक्षकाने आधी स्पष्ट बोलावे आणि वाचकाने शेवटी त्या बोलीला धरून त्याला जाब विचारावा. या जाबाला आकडा लागत नाही. स्पर्धेतल्या ब्रिजमध्ये तीच वाटलेली पाने दुसऱ्या टेबलांवरही खेळली जातात आणि तुलना होते ती त्याच पानांवर इतरांनी काय केले याच्याशी. साहित्यकृती ही अशीच सर्वांना सारखी वाटलेली पाने असतात. एकाच कादंबरीवरील तीन लेख शेजारी ठेवले की कोण काय बोलला आणि कोणाचे किती हात झाले, हे पुष्कळसे दिसू लागते.

गेली दोन वर्षे एम. ए. च्या चर्चासत्रात आम्ही एक साधी गोष्ट करीत आहोत. निबंध लिहिण्यास बसण्यापूर्वी विद्यार्थ्याने एका कागदावर एकाच वाक्यात आपली बोली लिहून द्यायची. तो कागद शेवटी निबंधाला जोडायचा आणि बोली पुरी झाली की नाही, हे स्वतःच नोंदवायचे. पहिल्या वर्षी बहुतेकांनी 'या कृतीत विविध जाणिवा आढळतात' अशी एकची बोली लावली. ती बोली फसणे शक्यच नव्हते, आणि म्हणून ते निबंध वाचणेही कठीण होते. दुसऱ्या वर्षी एका विद्यार्थिनीने लिहून दिले की, त्या काळच्या स्त्रियांच्या आत्मकथनांत 'मी' हा नेहमी पतीच्या चरित्राच्या आडोशाने येतो. ही सातची बोली होती. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकावर तिने तिचे बरेच हात केले, आणि चांगले केले. 'स्मृतिचित्रे'पाशी ती अडखळली. लक्ष्मीबाई टिळकांच्या पुस्तकात नवरा भरपूर आहे, परंतु आडोसा नाही. तेथे तोच तिच्या कथनातून आपल्यापुढे येतो. निबंधाच्या शेवटी तिने लिहिले, 'एक हात कमी पडला.' आणि तो का कमी पडला, याची तिने दिलेली दीड पाने हा त्या वर्षी आमच्या हाती आलेल्या लेखनातला सर्वांत चांगला भाग होता.

ब्रिजच्या हिशेबाने तिचे पन्नास गुण वजा व्हायला हवेत आणि 'विविध जाणिवा' शोधणाऱ्यांना थोडे का होईना गुण मिळायला हवेत. येथे आमची उपमा अपुरी पडते हे आम्ही मान्य करतो. पानांच्या खेळात कमी पडलेला हात नुसता गेलेला असतो, वाचनात तो काही दाखवून जातो. पण तो कमी पडला हे कळण्यासाठी आधी सात म्हणावे लागते. तिला किती गुण द्यावेत यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला, आणि तो पुरता मिटला असे अजूनही म्हणवत नाही. विद्यापीठाच्या गुणपत्रकात बोलीसाठी रकाना नाही. ती कागदाची चिठ्ठी आम्ही निबंधाला टाचून तशीच पुढे पाठवली.